जूनमध्ये फ्लॉरेन्स: पाच दिवस, पाच माणसं, एक शाकाहारी (तेही अंड्याशिवाय) – काय पाहावं, काय खावं?

मोगरा_७
मंडळी, २२ ते २६ जून फ्लॉरेन्सला मुक्काम आहे. सोमवारी सकाळी पोहोचणार, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघणार. आम्ही पाच जण: दोघं पासष्टीपुढचे (एकाचे गुडघे कुरकुरतात), दोघं चाळिशीतले, एक नऊ वर्षांचा मुलगा. एक व्यक्ती शाकाहारी, अंडंही नाही. बाकीच्यांना कोंबडी, मासे, डुक्कर चालतं, गाय-बैल नाही.

माझा कच्चा बेत असा: सकाळी रस्त्यावरची ठिकाणं, बारा ते तीन संग्रहालय (आत गारवा असतो म्हणून), संध्याकाळी नदीकाठ. सोमवारी दुपारी उफित्सी चित्रसंग्रहालय, मंगळवारी अकादेमिया संग्रहालयातला मिकेलान्जेलोचा डेव्हिड, बुधवारी दुओमोच्या (मुख्य कॅथेड्रलच्या) घुमटावर चढाई, गुरुवारी पिसा, शुक्रवारी उरलंसुरलं. ठीक वाटतंय का? आणि पाच दिवस जास्त होतात का? एका ओळखीच्यांनी 'फ्लॉरेन्स एका दिवसात उरकतं' असं सांगितलंय.

दगडफूल
पहिला फटका इथेच. सोमवारी उफित्सी बंद. अकादेमिया बंद. पित्ती राजवाडाही बंद. ज्यांचा एकच दिवस हातात असतो आणि तो नेमका सोमवार निघतो, त्यांचं फ्लॉरेन्स खरंच एका दिवसात उरकतं.

सोमवारी दुओमोचं संकुल, सांता क्रोचे चर्च, पालाझ्झो वेक्किओ (जुना राजवाडा) आणि गॅलिलिओ संग्रहालय उघडं असतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी गॅलिलिओच घ्या. जुन्या दुर्बिणी आहेत, उतरणीवरून गोळे सोडायचे प्रयोग आहेत, आणि काचेच्या हंडीत खुद्द गॅलिलिओचं मधलं बोट ठेवलंय. पोरं बाकी सगळं विसरतात, ते बोट विसरत नाहीत.

खादाड_बोका
मधलं बोट? चर्चला उद्देशून का? (हलके घ्या.)

मिलानकर
बारा ते तीन संग्रहालय या कल्पनेला माझा विरोध. गारवा असतो हे खरं, पण तीच वेळ सगळ्या सहलींच्या घोळक्यांची असते. उफित्सीत साधारण अकरा ते तीन सर्वाधिक गर्दी. बोत्तिचेल्लीच्या दालनात 'व्हीनस'समोर चार रांगा उभ्या असतात आणि चित्रापेक्षा फोनचे पडदेच जास्त दिसतात. दोनच वेळा चांगल्या: सव्वाआठला दार उघडतं तेव्हा, किंवा चारनंतर. बंद साडेसहाला होतं, पण दालनं रिकामी करायला आधीच सुरुवात करतात. म्हणून चारचं तिकीट असेल तर रेंगाळू नका. सरळ वर जाऊन बोत्तिचेल्ली, लिओनार्दो, मिकेलान्जेलोचं गोल चित्र, मग बाकीचं. काराव्हाज्जोची मेदूसा शेवटाकडे लागते, तिथपर्यंत पाय उरायला हवेत.

बारा ते तीन काय करायचं? जेवायचं आणि झोपायचं. जूनअखेरीस पारा पस्तिशीला टेकतो, गल्ल्यांतले दगड तापलेले असतात, वारा नाही. शहर एका खोलगट खोऱ्यात आहे. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. दुपारी दोन तास आडवे झालात तरी संध्याकाळचे पाच तास उजेडाचे हातात राहतात. साठीपुढच्यांसाठी तर हे ठरवूनच टाका.

नारायणपेठी
म्हणजे एक ते चार बंद! आमच्यावर हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पायऱ्या_मोजणारा
घुमटाबद्दल. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. शेवटचा टप्पा घुमटाच्या दोन कवचांमधून जातो. तिथे जिना अरुंद, छत कलतं, आणि काही ठिकाणी वर जाणारे नि खाली येणारे समोरासमोर येतात. एकदा चढायला लागलं की मध्येच दमून परत फिरणं अवघड. कुरकुरणारे गुडघे, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असेल तर नको. वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये तो खालून लाकडी आधार न देता बांधला. चढताना दिसणाऱ्या विटांची माशाच्या काट्यासारखी रचना हेच त्यामागचं एक मोठं गुपित. वाटेत घुमटाच्या आतल्या चित्रांजवळून जाता येतं, वाझारी नि झुक्कारी यांचा 'अंतिम निवाडा'. नरकातली भुतं इतक्या जवळून फक्त तिथूनच दिसतात.

तिकिटावर चढायची वेळ छापलेली असते आणि ती बदलून मिळत नाही. जूनच्या वेळा काही आठवडे आधी संपतात. घुमट असलेला पास तीन दिवस चालतो. त्यात घंटामनोरा, बाप्तिस्मागृह, संग्रहालय आणि जुन्या चर्चचे अवशेष येतात. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही, ती आधी सामानघरात द्यावी लागते. त्यात दहा मिनिटं जातात आणि लोकांची वेळ नेमकी तिथेच चुकते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचा कुडता असेल तर ओढणी जवळ ठेवा.

आडवाट
पायऱ्याराव, घुमटावरून घुमट कसा दिसणार? त्यापेक्षा शेजारच्या घंटामनोऱ्यावर जा. ४१४ पायऱ्या आहेत, पण मध्ये थांबायला मजले आहेत, बसून पाणी पिता येतं. आणि समोर अख्खा लाल घुमट.

पायऱ्या_मोजणारा
बरोबर, पण वर जाळी आहे. फोटो जाळीतून काढावा लागतो. ज्यांना बांधकाम समजून घ्यायचंय त्यांनी घुमट, ज्यांना दृश्य हवंय त्यांनी मनोरा. दोन्ही एकाच दिवशी करणाऱ्यांना माझा दंडवत.

दगडफूल
आणि ज्यांना गुडघे आहेत त्यांनी सान मिनिआतो, टेकडीवरचं चर्च. १२ किंवा १३ क्रमांकाची बस पिआझ्झाले मिकेलान्जेलोपर्यंत नेते, तिथून थोडं वर चालायचं. प्रवेश फुकट, गर्दी खालच्या चौकाच्या दहावा हिस्सा, आणि दर्शनी भाग पांढऱ्या-हिरव्या संगमरवराचा. दुओमोच्या आत फुकट जाता येतं, पण घुमटाची चित्रं सोडली तर आत बऱ्यापैकी मोकळंच आहे; तासभर उन्हात रांग लावण्याइतकं नाही. 'स्वर्गद्वार' म्हणून बाप्तिस्मागृहाचा जो सोनेरी दरवाजा लोक टिपतात ती प्रतिकृती आहे. अस्सल संकुलाच्या संग्रहालयात, वातानुकूलित, आणि तिथे माणसं मोजकी. मिकेलान्जेलोने स्वतः हातोडा मारून मोडलेलं 'पिएता' हे शिल्पही तिथेच आहे. गुडघेवाल्यांनी चढणाऱ्यांची वाट इथे बसून पाहावी.

बेसनलाडू
मूळ प्रश्नातल्या शाकाहारी माणसाकडे कोणी बघतंय का?

तोस्काना म्हणजे फ्लॉरेन्सभोवतालच्या प्रांताचं जेवण बाहेरून मांसाहारी वाटतं, पण गरिबांचं जेवण पाव, घेवडा आणि तेलावर उभं आहे. खाता येण्यासारखं:

पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेलं घट्ट सार, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. उन्हाळ्यात कोमटच देतात. मात्र रस्सा कशाचा ते विचारा: "ब्रोदो वेजेताले?" काही ठिकाणी मांसाचं पाणी घालतात.

पांझानेल्ला हा खास उन्हाळ्याचा पदार्थ. शिळा पाव पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, कुस्करायचा, त्यात टोमॅटो, काकडी, लाल कांदा, तुळशीच्या जातीतली बासिलिको, तेल, व्हिनेगर. थंड खायचा.

पिची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, बहुधा फक्त पीठ-पाण्याच्या. 'अल्ल आल्योने' मागितलं तर टोमॅटो-लसणाचा रस्सा येतो. बाकी ताज्या पास्त्यात अंडं धरून चाला ('पास्ता फ्रेस्का' लिहिलं असेल तर हमखास). सुका पास्ता नुसत्या गव्हाचा असतो.

फाजोली अल्लुच्चेल्लेत्तो: नावात पक्षी आहे, ताटात नाही. पांढरा घेवडा, टोमॅटो, सेजची पानं. पण 'कोन साल्सिच्चा' लिहिलं असेल तर सॉसेज आलंच.

सापळे: क्रोस्तिनी तोस्कानी – पावाच्या तुकड्यावरची ती तपकिरी चटणी कोंबडीच्या काळजाची असते, आणि वाटलेल्या मसुरीसारखी दिसते. तोर्तेल्ली मुजेल्लानी – आत बटाटा, पण पारीत अंडं, सारणात कधी पान्चेत्ता (खारवलेलं डुक्कर) आणि वर मांसाचा रस्सा. तुमच्या माणसाने सोडूनच द्यावी.

खादाड_बोका
पांझानेल्ला = फ्लॉरेन्सचा मनोहरा. नमस्कार करून फोडणी घाला.

मिलानकर
बेसनलाडूताई, एक भर. पार्मिज्यानो वासराच्या जठरातल्या विरजणाने, म्हणजे रेनेटने, बनवतात. तो त्या चीजचा नियमच आहे. पेकोरिनोतही (मेंढीच्या दुधाचं चीज) बहुतेकदा प्राण्याचंच असतं. कडक शाकाहारी असतील तर "सेन्झा फोर्माज्यो" (चीज नको) सांगा, किंवा दुकानात 'काल्यो वेजेताले' (वनस्पतीचं रेनेट) लिहिलेलं शोधा. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते सांगत नाहीत.

आईस्क्रीममध्येही तेच. 'क्रेमा' आणि तिथला खास 'बुओन्तालेन्ती' यांत अंड्याचा बलक असतो. 'फिओर दि लात्ते' नुसत्या दुधा-सायीचं. फळांचं सोर्बेत्तो पाण्यातलं. पिस्ता भडक पोपटी दिसला, किंवा आईस्क्रीमचे डोंगर रचून वर फळं खोचली असतील, तर पुढे चला. हवा भरलेली असते म्हणून ते तसं उभं राहतं. झाकणाच्या धातूच्या डब्यांतून काढून देणारी दुकानं सहसा बरी. दुओमोच्या आसपास दर विचारल्याशिवाय मोठा कोन घेऊ नका.

बेसनलाडू
चीजचं लिहायचं राहिलंच, धन्यवाद. आणि 'चेचिना' विसरले! हरभऱ्याच्या पिठाची भट्टीतली पोळी. मूळ पिसा-लिव्होर्नो किनाऱ्याची. गुरुवारी पिसाला जाताय तर तिथेच खा, वर मिरपूड. अंडं नाही, दूध नाही.

घरी करायची तर: ३०० ग्रॅम बेसन, ९०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडायच्या, चार तास तरी झाकून ठेवायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा. मग १०० मिली ऑलिव्ह तेल ढवळून, तेल लावलेल्या मोठ्या ताटात अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर, आणि भट्टी जितकी तापेल तितकी, २५० अंशांपुढे, वरचा रंग तांबूस होईपर्यंत. थर सेंटिमीटरभर झाला की मधे पिठलं राहतं. न मुरवता भाजली तर कच्च्या बेसनाचा वास जात नाही. आपलं बेसन बारीक असतं, त्याला पाणी किंचित कमी पुरतं.

नारायणपेठी
म्हणजे लाखभर रुपये खर्चून पाटवडी खायची.

आडवाट
मांसाहारींसाठी. फ्लॉरेन्सचे दोन अभिमान, बिस्तेक्का आणि लांप्रेदोत्तो, दोन्ही गाय-बैलाचे, त्यामुळे मोगराताईंच्या यादीतून बाद. पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो.

बिस्तेक्का किलोवर विकतात. फळ्यावर ५० किंवा ६० युरो दिसतात ते किलोचे. एक तुकडा हाडासकट किलो-सव्वा किलोच्या खाली सहसा येत नाही, म्हणजे दोघांत-तिघांत एक. तीन बोटं जाड, बाहेरून करपलेला, आत लालच. 'नीट शिजवून द्या' म्हटलं तर चांगली खानावळ सरळ नाही म्हणते. इतका जाड तुकडा आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरून चामडं होतो. कापण्याआधी वजन करून दाखवतात, ते बघा.

लांप्रेदोत्तो म्हणजे गाईचं चौथं जठर, कांदा-टोमॅटो-सेलरीच्या पाण्यात शिजवलेलं. गाडीवर पावात घालून मिळतं. वरचा पाव रश्श्यात बुडवून हवा असेल तर "बान्यातो" म्हणा. हिरवी चटणी आणि तिखट दोन्ही मागा. वजडी आवडणाऱ्याला हे परकं वाटणारच नाही.

गाय-बैल नको असेल तर: आरिस्ता (डुकराचा भाजलेला पाठीचा तुकडा), पाप्पार्देल्ले अल चिंगियाले (रानडुकराचा रस्सा), पोल्लो अल बुर्रो (लोण्यात तळलेली कोंबडी). नुसतं 'रागू' (मांसाचा घट्ट रस्सा) लिहिलं असेल तर त्यात बैल असतोच असं समजा.

गणिती
बिलात घोळ होतो तो इथे: 'कोपेर्तो' म्हणजे बसण्याचे माणशी दोन ते चार युरो. ती फसवणूक नाही, फळ्यावर लिहिलेलं असतं. पाच माणसांचे दहा ते वीस होतात. पाणी बाटलीचंच येतं. कॉफी गल्ल्यापाशी उभ्याने दीड युरोच्या आतबाहेर, टेबलावर बसलात की चौकात तिप्पट. आधी पाटी वाचा: 'अल बांको' आणि 'अल ताव्होलो' असे दोन दर असतात.

स्वयंपाकघर साडेबारा ते अडीच आणि साडेसात ते दहा. दुपारी चारला जेवण मागणाऱ्याला फक्त पर्यटकांसाठी उघडं ठेवलेलं ठिकाण मिळतं, म्हणजे सर्वात वाईट जेवण. मोगराताईंच्या मूळ बेतात बारा ते तीन संग्रहालय होतं, त्यात हा दुसरा तोटा.

दगडफूल
गणितींना +१. स्वस्त दुपार: सांत'अम्ब्रोज्यो बाजार. रविवार सोडून सकाळी भरतो, दुपारी दोनच्या आसपास आवरतो. टोमॅटो, जर्दाळू, पाव तिथून घ्या. सान लोरेन्झोचा मेर्कातो चेन्त्राले १८७४ चा, लोखंड-काचेचा. खालचा मजला खरा बाजार, दुपारी बंद होतो. वरचा २०१४ पासूनचा, खाण्याच्या दुकानांचा, रात्रीपर्यंत चालू. पाच जणांच्या पाच आवडी असतील तेव्हा वरचा मजला तंटा मिटवतो.

पाव अळणी लागेल. बिघडलेला नाही, तिथला पाव मीठ न घालताच करतात. तो खारवलेल्या मांसाबरोबर आणि रश्श्यात बुडवून खायचा. नुसता खाऊन नावं ठेवू नका. खारट हवा असेल तर 'स्कियाच्चाता' मागा, तेल-मिठाची चपटी पोळी. त्यात डुकराची चरबी तर नाही ना हे "चे स्त्रुत्तो?" असं विचारून घ्या.

पाणी: पालाझ्झो वेक्किओपाशी महापालिकेचा नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही फुकट. उफित्सीत अर्ध्या लिटरपेक्षा मोठी बाटली नेऊ नका.

तांबडा_पांढरा
इतका धागा झाला आणि काशिने उद्यानाचं नाव नाही? निषेध!

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला जाऊन परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले, ऐन विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. त्या काळच्या इटलीत ही अगदी अपवादात्मक गोष्ट होती, खास परवानगी घ्यावी लागली. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली. आतला रंगीत अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, फेट्यासकट. स्थानिक लोक त्याला 'ल'इंदियानो' म्हणतात आणि जवळच्या मोठ्या पुलाचं नाव त्यावरूनच 'पोन्ते अल्ल'इंदियानो' पडलं. पुलावरून गाड्या हाकणाऱ्या कितीकांना तो 'इंदियानो' कोल्हापूरचा होता हे ठाऊक असेल, सांगता येत नाही.

जाण्याची रीत: काशिने हे नदीकाठचं लांबलचक उद्यान. टी१ ट्राम पूर्व टोकाला सोडते आणि छत्री पार पश्चिम टोकाला, म्हणजे साधारण तीन किलोमीटर. सपाट आणि बरीचशी सावलीची वाट. सायकल भाड्याने घ्या किंवा थेट टॅक्सी करा. नदीकाठी संध्याकाळी डास फार, हातापायांना मलम चोपडा. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो, तो ट्रामच्या बाजूलाच.

खादाड_बोका
छत्रीपाशी पांढरा रस्सा मिळतो का?

तांबडा_पांढरा
नाही. म्हणून तर महाराजांना तिथलं मानवलं नसावं. (इतिहासकारांनी ह. घ्या.)

मोगरा_७
बापरे. वाखू (वाचनखूण) साठवली. राजाराम महाराजांचं अजिबात माहीत नव्हतं, आता जाणारच. दोन शंका: बुधवारी २४ जूनला काही सण आहे का? हॉटेलवाल्याने 'गर्दी असेल' इतकंच कळवलंय. आणि स्टेशनवरून गाडी भाड्याने घ्यावी का?

मिलानकर
२४ जून म्हणजे सान जोव्हान्नी, शहराच्या संरक्षक संताचा दिवस. स्थानिक सुट्टी. सांता क्रोचेच्या चौकात वाळू पसरून 'काल्चो स्तोरिको'चा अंतिम सामना होतो. सत्तावीस-सत्तावीस जणांचा, अर्धा फुटबॉल अर्धी कुस्ती. त्या दिवसांत तो चौक बांबू-बाकांनी भरलेला असतो. रात्री दहाला आतषबाजी. लोक ती बघायला पिआझ्झाले मिकेलान्जेलोवर जायला निघतात, आणि उडवतात नेमकी तिथूनच! नदीच्या उत्तर काठावर साडेआठपर्यंत जागा धरा. दुओमो संकुलाच्या वेळा त्या दिवशी बदलतात, म्हणून घुमट बुधवारी नको.

गाडी मुळीच नको. जुन्या शहरात परवान्याशिवाय वाहन नेता येत नाही. कॅमेरे टिपतात, दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि भाड्याची कंपनी तुमचा पत्ता दिल्याची फी वेगळी कापते. स्टेशन ते दुओमो चालत दहा मिनिटं. गुडघेवाल्यांसाठी सी१ ते सी४ या छोट्या विजेच्या बस गल्ल्यांतून फिरतात. कागदी तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं. बसमध्ये यंत्रात छापून घेतलं नाही तर ते असून नसल्यासारखं.

गणिती
अठराच्या आतल्यांना उफित्सी आणि अकादेमियात फुकट, पण आरक्षणाचे पैसे मुलाचेही लागतात. अधिकृत जागीच तिकीट काढा. शोधल्यावर आधी जी संकेतस्थळं वर येतात ती बहुतेक मधल्या विक्रेत्यांची, दुप्पट दराची.

पत्ता शोधताना: तिथे घरांना निळे-काळे आणि दुकानांना लाल असे दोन वेगळे क्रमांक असतात. लाल क्रमांकामागे 'आर' लिहितात. ३८ आणि ३८ आर एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. नकाशात 'आर' टाकायचं राहिलं की माणूस खानावळीऐवजी कुणाच्या तरी दारात.

मोगरा_७
तर नवा बेत. सोमवार: गॅलिलिओ, दुपारी झोप, संध्याकाळी सान मिनिआतो. मंगळवार: सव्वाआठला घुमट (आम्ही तिघं; वडीलधारे संकुलाच्या संग्रहालयात), चारला उफित्सी. बुधवार: सकाळी अकादेमिया, मग काशिने, रात्री आतषबाजी. गुरुवार: सकाळी पिसा आणि चेचिना, चारला परत येऊन पालाझ्झो वेक्किओ. शुक्रवार: सांत'अम्ब्रोज्यो बाजार, आराम.

दगडफूल
गुरुवारी पालाझ्झो वेक्किओ दुपारी दोनलाच बंद होतो. तो शुक्रवारी हलवा. आणि मंगळवारचं एक: संकुलाचं संग्रहालय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद असतं. तुमचा चौथा आहे, तेव्हा चालेल.

मोगरा_७
हलवला. शुक्रवारचा आराम गेला.

नारायणपेठी
एक ते चार आहे की.